सर्वसाधारण रहिवासी

"यादीत नाव पाह्यजे म्हणे. घरात काम कमी पडून राह्यलं का, तं आता यादीत."

निर्मला हे माझ्याशी बोलली नाही. ती तांदूळ पाखडत होती आणि सुपाशी बोलली. पण मी तिच्यापासून हातभर अंतरावर ओसरीत बसले होते, आणि सूप काही मतदार यादीचं काम करत नाही. ते मी करते.

दोन हजार चौदाचा जून. लोकसभेचं मतदान एप्रिलमध्ये होऊन गेलं होतं, विधानसभेचं दिवाळीच्या आत व्हायचं होतं, आणि मधल्या दिवसांत यादी दुरुस्त करा म्हणून आम्हा अंगणवाडीच्या बायांना घरोघर धाडलं होतं. पोलिओ, पोषण आहार, जनगणना, यादी. सरकारला गावात एक लिहिती बाई सापडली की ते तिला सोडत नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं मराठी मी किराण्याच्या पुड्यांवरून आणि या सरकारी नमुन्यांवरून शिकले, त्यामुळे माझ्या भाषेत थोडी तूरडाळ आणि थोडं तहसील येतं. पिशवीत तीन प्रकारचे कागद असायचे. नमुना सहा नवीन नावासाठी. नमुना सात नाव कमी करायला, किंवा दुसऱ्याच्या नावावर आक्षेप घ्यायला. आणि नमुना आठ चुकलेलं नीट करायला.

केशोराव खाटेवर बसून ऐकत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, धानाची शेती, गावात शब्दाला मान. मी वाचलं, "केशोराव. मुलगा चैतराम. सून निर्मला. बरोबर?"

"बरोबर जी," ते म्हणाले. "तीन."

घरात जेवणारी मोठी माणसं मात्र चार होती. चौथी शेणाचे हात घेऊन मागच्या दारातून आली आणि भिंतीशी उभी राहिली. केशोरावांची मुलगी, सुलोचना.

"ताई, मले बी एक फारम द्या," ती म्हणाली.

सूप थांबलं.

"तुह्यं नाव तुह्या घरी हाय," केशोराव म्हणाले. मग माझ्याकडे वळून, समजावल्यासारखं, "तिजेला आली हाय ना ती. न्यायले येतील."

मी मान डोलावली. या घरात हे वाक्य ऐकून मान डोलवायची गावालाच सवय होती.

आमचं गाव सालेकस्याहून सात किलोमीटर आत आहे, आणि पुढचा डोंगर ओलांडला की छत्तीसगड. तिकडच्या सोयरिकी आमच्याकडे पुष्कळ. तिकडची रीतही त्यांच्याबरोबर आली. पोळ्याच्या सुमारास भाऊ बहिणीच्या सासरी जातो, तिला तिजेच्या, म्हणजे हरतालिकेच्या, उपासासाठी माहेरी आणतो, आणि उपास सोडून, नवं लुगडं नेसून झालं की आठ-पंधरा दिवसांत नवरा येऊन तिला घेऊन जातो. आणायचं भावानं, न्यायचं नवऱ्यानं. बाई स्वतःच्या पायानं परत जात नाही. ते शोभत नाही. सुलोचनाला चैतरामनं डोंगरगडच्या पलीकडून आणलं ते दोन हजार आठच्या पोळ्याला. पोरगी खुशी तेव्हा दोन वर्षांची, कडेवर. तिजा झाली. धान कापून झाला. दिवाळी झाली. न्यायला कोणी आलं नाही. त्यानंतर पाच तिजा झाल्या, आणि सुलोचना अजून पहिलीलाच आलेली होती.

पहिल्या वर्षी गाव विचारायचं, काऊन वो, राह्यली का अजून? दुसऱ्या वर्षी विचारायचं थांबलं. विचारायचं थांबणं ही आमच्या गावाची दया आहे. ती फुकट मिळते आणि तिचं ओझं ज्याला ती मिळते त्यानं वाहायचं असतं.

मी सुलोचनाला कागद दिला नाही. "अंगणवाडीत ये उद्या दुपारी," एवढंच म्हणाले, तेही उठताना, चपला शोधता शोधता. निर्मलानं मला चहा दिला होता, घरच्याच कपात, आणि तो पिऊन झाल्यावर त्याच ओसरीत तिच्या सासऱ्याला खोटं पाडायचं माझ्यानं झालं नाही.

ती आली. पोरं खिचडी खाऊन गेलेली, मदतनीस भांडी घासत होती. सुलोचना दहावी पास आहे, अक्षर माझ्याहून चांगलं. मी कागद पुढे ठेवला आणि सांगत गेले, जसं सगळ्यांना सांगते तसं. नाव पूर्ण लिही, सही करतेस तसंच. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर असेल ती. एक जानेवारीला अठरा पूर्ण हवीत.

"तेवढी झाली असतील," ती म्हणाली. बत्तीस वर्षांची आहे ती.

"फोटो आणलास?"

आणला होता. सालेकस्याला बाजाराच्या दिवशी जाऊन काढलेला, ताजा. घरी काय सांगून गेली होती ते मी विचारलं नाही.

"आता इथं. वडिलांचं, आईचं किंवा नवऱ्याचं नाव. कोणतंही एक."

"कोणतंही चालते?"

"चालते."

तिनं थोडा वेळ पेन हवेत धरलं आणि केशोराव लिहिलं. मग घरातल्या दुसऱ्या मतदारांची नावं आणि यादीतले नंबर. ते मीच सांगितले. मग आला तो रकाना. सध्याच्या पत्त्यावर केव्हापासून राहता.

"काय लिवू?"

"जे असेल ते."

"बाबा म्हणतात तिजेपासून."

"कोणत्या ते लिही."

ती हसली. हसताना ती चैतरामसारखी दिसते, एका गालानं. "तुमाले माहीत हाय ना ताई," ती म्हणाली. "सगळ्याइले माहीत हाय. त्यानं दुसरी आणली. चैतराम दुसऱ्या वर्षी जाऊन आला, अन् घरी येऊन सांगे, त्यायच्याकडं कापणी चालू हाय. फागुनात कायची कापणी? मले माहीत हाय. चैतरामले माहीत हाय. बाबाले बी माहीत हाय. फक्त बाबाले वाटते मले माहीत नाई, अन् मी तसंच वाटू देतो."

"मग आता यादीत नाव कशाला?"

हे मी विचारायला नको होतं. माझं काम नाव घालायचं, कारण विचारायचं नाही. पण विचारलं गेलं.

तिनं पेन खाली ठेवलं. "एप्रिलमधी मतदान झालं ना. सगळ्या बाया पहाटेच मोहफुलं वेचून, टोपल्या घेऊन तशाच शाळेकडं गेल्या. आपला नक्षल भाग, तीनलाच बंद होते, म्हणून घाई. जाता जाता मले सांगे, सुलोचना, माह्या आंगणातले मोहं उलथून देजो. सुलोचना, माह्या कोंबड्या पाह्यजो. सात घरचे मोहं उलथले मीनं त्या दिवशी. गावात मी अन् कुत्रे. मंग मले वाटलं, मी या गावची असती तं माह्ये मोहं कोणी उलथले असते."

मी तिचा फोटो डिंक लावून कागदावर चिकटवला.

"अन् तिकडं माह्या नावावर ती दुसरीच मत देऊन आली असंल," ती म्हणाली. "फोटो पाह्यला असंल कोणी तं अडली असंल बिचारी."

तिनं रकान्यात लिहिलं, ऑगस्ट २००८ पासून. खाली घोषणापत्र होतं. मी ते वाचून दाखवलं, कारण तिथं लोक न वाचता सही करतात आणि नंतर मला शिव्या देतात. मी भारताची नागरिक आहे. मी वर दिलेल्या पत्त्यावर सर्वसाधारणपणे राहते. माझं नाव याआधी अमुक राज्यातल्या अमुक मतदारसंघात असेल, तर ते तिथून कमी करावं अशी विनंती.

"हे लिवाच लागते?"

"एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असते. तिथलं आहे तोवर इथं घालता येत नाही. घातलं तर गुन्हा."

तिनं ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मदतनीस बाईनं भांडी उपडी घातली, कुलूप मागितलं, मी तिला हातानंच थांब म्हटलं. मग सुलोचनानं छत्तीसगड लिहिलं, जिल्हा लिहिला, गाव लिहिलं, आणि सही केली. सही करताना तिनं कागदाखाली माझं हजेरी रजिस्टर ठेवलं होतं.

त्या रजिस्टरबद्दल मला सांगितलं पाहिजे. शेवटी एक पान असतं, पाहुण्या मुलांचं. बाळंतपणाला माहेरी आलेल्या बायांच्या, कामाला आलेल्यांच्या पोरांसाठी. त्यांनाही खाऊ मिळावा म्हणून. खुशी तीन वर्षांची झाल्यापासून शाळेत जाईपर्यंत माझ्या अंगणवाडीत होती, आणि तिन्ही वर्षं तिचं नाव मी त्या शेवटच्या पानावर लिहिलं. दर महिन्याला. माझ्याच अक्षरात. पुढे तिला शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी माझंच पाहून "तात्पुरता निवास" लिहिलं. मीही गावातलीच आहे.

आणि कागदोपत्री तिच्याकडे दाखवायला दुसरं काही नव्हतं. मतदार कार्ड तिकडच्या पेटीत राहिलेलं. इथल्या रेशनकार्डातून तिचं नाव केशोरावांनी लग्नाच्या आठव्या दिवशी काढलं होतं, लग्नपत्रिका जोडून, स्वतः तहसीलला जाऊन. पोरगी दिली की नाव कमी करायचं. जे करत नाहीत ते दोन घरचं धान्य खातात असं त्यांचं म्हणणं. सरळ माणूस. सरळपणानं त्यांनी मुलीचा मागचा रस्ता झाडून स्वच्छ केला होता.

दोन दिवसांनी चैतराम मला बांधावर भेटला. धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायचे होते, तो वाफा करत होता. मला बघून कुदळ ठेवली.

"बाई, ते फारमाचं खरं हाय का? तिकडून नाव कापाले लिवलं म्हणते."

"हो."

"मंग पोरीचं काय? खुशीचं. बापाच्या जमिनीत तिचा हक्क हाय. मायचं नाव कापलं तं पोरीचं बी कापलं जाईल. उद्या ते लोक म्हणतील, तुमीच लिवून देल्लं."

हा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. मी त्याला बांधावर बसून सांगितलं, की मतदार यादी आणि सातबारा हे दोन वेगळे कागद आहेत, एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. यादीत नाव असल्यानं जमीन येत नाही आणि नाव गेल्यानं जात नाही. खुशी ज्याची मुलगी आहे त्याचीच राहते. लग्नही यादीनं मोडत नाही. यादीला फक्त एवढंच पाहिजे असतं, की हा माणूस झोपतो कुठं, उठतो कुठं.

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानं कुदळीला लागलेला चिखल बोटानं काढला. "निर्मला बडबडते," तो म्हणाला, "पण तिचं तसं नाई. ती म्हणते, इथंच राहाचं हाय तं राहा म्हणावं. पाहुणी असली का तिले काम बी सांगता येत नाई अन् भांडता बी येत नाई. भांड्याचा आवाज करून कोणाले सांगाचं, म्हणते. सहा वर्षं झाली, ननद-भावजयीचं एक धड भांडण नाई घरात."

"मग वडिलांशी बोल."

"तुमीच बोला ना जी."

"मी कोण?"

"सरकार," तो म्हणाला, आणि पुन्हा वाफ्यात उतरला.

केशोरावांशी कोणीच बोललं नाही. मी अर्ज तालुक्याला पाठवायच्या गठ्ठ्यात ठेवला आणि ग्रामसभेची वाट पाहिली. यादी आणि नवे अर्ज ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचे असतात. ज्याला आक्षेप असेल त्यानं तिथंच घ्यावा. नियम चांगला आहे. नियम करणाऱ्यांना आमच्या गावात काय काय न बोललेलं पडून असतं ते माहीत नसावं.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. साठेक माणसं. पुरुष पुढे सतरंजीवर, बाया मागे पायऱ्यांवर. सुलोचना बायांच्याही मागे, नळाजवळ, खुशीला मांडीवर घेऊन. आठ वर्षांची घोडी झाली तरी मांडीवर. केशोराव पुढच्या रांगेत भिंतीला टेकून, आणि त्यांच्या शेजारी श्यामलाल.

श्यामलालनं तीस वर्षं या पट्ट्यात सायकलवर टपाल वाटलं. निवृत्त झाला तरी गाव त्याला डाकवालाच म्हणते. कोणत्या गावात कोणत्या नावाची किती माणसं, कोणाचं घर आंब्यापासून तिसरं, हे त्याला पाठ. टपालाबरोबर तो स्थळंही पोचवायचा. पंधरावीस लग्नं त्यानं जमवली, आणि त्यातलं एक सुलोचनाचं. त्याच्या बायकोचं माहेर त्याच बाजूचं. लग्नात त्याला मानाचं धोतर मिळालं होतं, ते तो अजून सणाला नेसतो.

मी जुनी यादी वाचली. वारलेले तीन, त्यांच्या घरच्यांनी हो म्हटलं. मग नवे अर्ज. अठराचे झालेले दोन मुलगे, लग्न होऊन आलेली एक सून. कोणी काही बोललं नाही. मग मी वाचलं, "सुलोचना. वडिलांचे नाव केशोराव. ऑगस्ट दोन हजार आठपासून राहणार."

सतरंजीवर कोणीतरी विडी विझवली.

"आक्षेप," श्यामलाल म्हणाला. तो उभा राहिला नाही; बसूनच हात वर केला, शाळेतल्यासारखा. "मॅडम, लग्न झाल्या पोरीचं नाव सासरी राह्यते."

"तसा नियम नाही. जिथं राहते तिथं नाव."

"दोन ठिकाणी नाव म्हणजे गुन्हा होते. मीनं वाचलं हाय."

"बरोबर वाचलंत. म्हणून तिकडचं कमी करा असं तिनं लिहून दिलं आहे."

हे मात्र केशोरावांना माहीत नव्हतं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून मुलीकडे. सुलोचना खुशीच्या वेणीची रिबीन सोडून पुन्हा बांधत होती.

"कमी काऊन कराचं?" केशोराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांना खरोखरच समजलं नव्हतं असं वाटावं इतका साधा आवाज. "उद्या न्यायले आले मंग?"

कोणी हसलं नाही. एक म्हातारी कोणत्याही कारणाशिवाय खोकली.

"पाहा," श्यामलाल म्हणाला. "बापच म्हणून राह्यला, पाहुणी हाय. मागं नाई का, पंचायतीच्या वक्ताला कोणी कोहमाऱ्याची माणसं आणून यादीत घुसवली होती? सगळ्याइले एकच नियम लावा. मी केशोभाऊच्या पोरीच्या विरुद्ध नाई. मी नियमाचं बोलून राह्यलो."

तो खोटं बोलत नव्हता. कोहमाऱ्याचं प्रकरण झालं होतं, आणि तेव्हाही आक्षेप त्यानंच घेतला होता. पण दुसरंही एक खरं होतं, आणि ते साठ माणसांना माहीत होतं. सुलोचना इथं राहते असं एकदा कागदावर आलं की श्यामलालनं पोचवलेलं हे स्थळ परत आलं, असा त्याचा अर्थ होत होता.

"आक्षेप तोंडी चालत नाही," मी म्हणाले. "लेखी द्यावा लागतो. नमुना सात."

"द्या."

मी पिशवीतून कागद काढला. त्यानं तो भरला की प्रकरण तहसीलला जाणार. तिथं सुलोचनाला बोलावणार, आणि विचारणार, बाई, तू इथं राहतेस याला पुरावा काय? रेशनकार्ड नाही. मतदार कार्ड नाही. अंगणवाडीत पाहुणी, शाळेत तात्पुरती, बापाच्या तोंडी तिजेला आलेली. सगळे पुरावे दुसऱ्या बाजूचे, आणि त्यातला पहिला मी तयार केलेला. नाव जाणार होतं. या विधानसभेलाही ती सात घरची अंगणं राखणार होती. पण कागद मागितला तर देणं भाग होतं. हक्क त्याचाही होता.

"वाचून दाखवते," मी म्हणाले. "आक्षेप घेणाऱ्याचं नाव, यादीतला नंबर. कोणाच्या नावावर आक्षेप. कारण. म्हणजे, ही व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. मग इथं, ती सध्या कुठं राहते तो पूर्ण पत्ता. आणि खाली सही, की वरची माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. खोटी निघाली तर शिक्षा आहे."

"खोटी काऊन निघंल?" श्यामलाल म्हणाला, आणि मांडी बदलून, ग्रामपंचायतीचं रजिस्टर खाली घेऊन लिहायला बसला.

टपालवाल्याचं अक्षर. एकेक सुटं, पोस्टाच्या शिक्क्यासारखं. त्यानं स्वतःचं नाव लिहिलं. नंबर विचारला, मी सांगितला. सुलोचनाचं नाव लिहिलं. कारण लिहिलं. सरपंच घड्याळाकडे बघत होता, पुढे नालीचा विषय होता. मागे पायऱ्यांवर निर्मला उठून उभी राहिली होती, पदर कमरेला खोचलेला, पण बोलत काही नव्हती.

श्यामलालनं "मुक्काम" लिहिलं आणि थांबला.

त्यानं चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा घातला. पेन टेकवलं. टोकाशी शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"लिव ना गा," केशोराव म्हणाले. अगदी हळू, शेजारच्यालाच ऐकू जाईल असं. पण तेव्हा व्हरांड्यात इतकं शांत होतं की सगळ्यांनाच ऐकू गेलं. "तुले तं पत्ता पाठ हाय. लिवून दे, का तिथं राह्यते."

श्यामलाल त्यांच्याकडे बघत राहिला. दोघं एकाच वयाचे, एकाच शाळेत गेलेले. केशोरावांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते विनंती करत होते. आजवर गावानं तोंडानं जे सांभाळून घेतलं ते आज एकदा कागदावर सांभाळून घे, इतकंच त्यांचं मागणं होतं.

श्यामलालनं पेनाला टोपण लावलं. कागदाची आधी अर्धी घडी घातली, मग चौपदरी.

"केशोभाऊ, मले हे लिवता येत नाई," तो म्हणाला. "पत्ता खोटा होते." मग तो मागे, नळाकडे वळला नाही, त्यानं जे सांगायचं ते केशोरावांकडे बघूनच सांगितलं. "त्या घरी दुसरी हाय. मी गेल्तो दोन वर्षांपहिले. दोन लेकरं हायेत तिले, लहानं आंगणात खेळून राह्यलं होतं. तिच्या हातचा चहा पेऊन आलो मी, अन् इथं येऊन तुले सांगतलं, कोणी भेटलंच नाई. सुलोचना तिथं राह्यत नाई. ती इथं राह्यते. तिले न्यायले कोणी येणार नाई."